मत्स्यशेतीतील जिवाणूरोग आणि वनस्पतींची सुगंधी तेले

पाण्यात राहणाऱ्या जिवाला औषध देणे हे गोठ्यातल्या जनावराला औषध देण्यापेक्षा मुळातच वेगळे आणि अधिक अवघड काम आहे. गाय आजारी पडली तर तिला बाजूला बांधता येते, तिच्या वजनाप्रमाणे मात्रा ठरवता येते आणि दिलेले औषध तिच्याच पोटात जाते. तळ्यातल्या हजारो माशांपैकी नेमके कोणते आजारी आहेत हे मात्र वरून दिसत नाही, म्हणून औषध खाद्यात मिसळून सगळ्यांनाच द्यावे लागते, आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज असते त्या आजारी माशांनी तोवर खाणे सोडलेले असते. न खाल्लेले खाद्य तळाच्या गाळात जाऊन बसते. खाल्लेल्या खाद्यातले औषधही सगळे अंगी लागत नाही. मत्स्यशेतीत जगभर वापरले जाणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक माशांच्या आतड्यातून फार कमी शोषले जाते, त्याचा मोठा भाग विष्ठेवाटे पाण्यात येतो आणि गाळात दीर्घकाळ टिकून राहतो. रोग्याला दिलेले औषध अशा रीतीने रोग्यापेक्षा त्याच्या परिसरालाच अधिक मिळते. प्रतिजैविकांना पर्याय शोधण्याच्या गेल्या काही दशकांतील खटाटोपाचे, आणि त्यात ओवा, लवंग, दालचिनी, ओरेगॅनो यांसारख्या वनस्पतींच्या सुगंधी तेलांकडे लागलेल्या लक्षाचे मूळ या अडचणीत आहे.

ज्या जिवाणूंशी ही झुंज आहे त्यांपैकी गोड्या पाण्यातला सर्वांत परिचित म्हणजे एरोमोनास हायड्रोफिला. दंडगोलाकार, एका टोकाला असलेल्या चाबकासारख्या कशाभिकेच्या साहाय्याने पोहणारा हा जिवाणू बाहेरून आलेला शत्रू नव्हे. तो नद्या, तलाव, शेततळी यांच्या पाण्यात आणि निरोगी माशांच्या आतड्यातही एरवी असतोच. पाण्यातला प्राणवायू घटला, अमोनिया वाढला, जाळे ओढताना खवले निघाले किंवा बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्ले, दूरच्या प्रवासाने थकली, की माशाची प्रतिकारशक्ती ढासळते आणि हाच जिवाणू रक्तात शिरतो. त्याची विषे तांबड्या रक्तपेशी फोडतात, परांच्या बुडाशी लाल चट्टे उठतात, अंगावर जखमा होतात, पोटात पाणी साठून ते फुगते, खवले उभे राहतात आणि काही माशांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. रोहू, कटला, मृगळ या आपल्याकडच्या प्रमुख माशांना तो ग्रासतो, तसेच पिंजऱ्यात वाढवल्या जाणाऱ्या पंगसला आणि तिलापियालाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात २००९पासून याच जिवाणूच्या एका अतिजहाल वाणाने कॅटफिशच्या तळ्यांत मोठा संहार घडवला. तिलापियामध्ये स्ट्रेप्टोकॉकस, पंगस आणि कॅटफिशमध्ये एडवर्डसिएला, ट्राउटमध्ये यर्सिनिया, कोळंबीत निरनिराळ्या जातींचे व्हिब्रिओ अशी ही यादी पुढे वाढत जाते.

या रोगांवर प्रतिजैविके चालतात, आणि योग्य निदानानंतर योग्य मात्रेत दिली तर ती आजही सर्वांत खात्रीची आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. प्रश्न त्यांच्या सवयीच्या वापराचा आहे. पाण्यात कमी प्रमाणात सतत मिसळत राहिलेले प्रतिजैविक संवेदनशील जिवाणूंना मारते आणि प्रतिरोधक जिवाणूंना मोकळे रान देते. प्रतिरोधाची जनुके प्लाझ्मिड नावाच्या छोट्या, फिरत्या डीएनए-वलयांवर बसून एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जातात. ही भीती काल्पनिक नाही. माणसांच्या रुग्णालयांत आढळणाऱ्या क्विनोलोन-प्रतिरोधाच्या एका महत्त्वाच्या जनुकाचा माग काढला असता तो शेवानेला अल्गी या पाण्यात राहणाऱ्या जिवाणूपर्यंत पोहोचला. तळ्यातला जिवाणू आणि दवाखान्यातला जिवाणू यांच्यात भिंत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

दुसरा फटका व्यापाराचा. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांचा लेशही आढळला तर युरोप आणि अमेरिकेत कोळंबीचा माल परत फिरवला जातो. युरोपीय संघाने २०१६मध्ये भारतातून येणाऱ्या संवर्धित कोळंबीच्या मालाच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. भारतात किनारी मत्स्यशेतीसाठी २००५च्या कायद्याने प्राधिकरण स्थापन झाले असून अशी अनेक प्रतिजैविके कोळंबी प्रकल्पांत वापरण्यास मनाई आहे, आणि माणसांसाठी राखीव ठेवण्याजोग्या कोलिस्टिनचा पशू, कुक्कुट व मत्स्यपालनातील वापर २०१९मध्ये थांबवण्यात आला. बंदी आवश्यकच होती. पण बंदीमुळे रोग थांबत नाही, आणि शेतकऱ्याच्या हातात दुसरे काही ठेवले नाही तर तो चोरवाटेने जुन्याच औषधाकडे वळतो.

नॉर्वेने ही कोंडी लशींच्या मार्गाने फोडली. तेथील सॅमन उद्योग १९८७च्या सुमारास वर्षाला जवळपास ५० टन प्रतिजैविके वापरत असे. प्रभावी लशी आल्यावर उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही तो वापर एका टनाच्या आसपास किंवा त्याखाली आला. प्रतिजैविकांपासून सुटका करून घेण्याचे यापेक्षा चांगले उदाहरण पशुपालनाच्या कोणत्याही शाखेत सापडणार नाही. तेथे प्रत्येक माशाला पोटात सुई टोचली जाते आणि महागड्या सॅमनला तो खर्च परवडतो. किलोला शे-दीडशे रुपयांत विकल्या जाणाऱ्या पंगसच्या किंवा कटल्याच्या प्रत्येक बोटुकलीला सुई टोचणे हा वेगळाच हिशेब आहे, आणि कोळंबीच्या शरीरात तर माशांसारखी प्रतिपिंडे तयार होतच नाहीत, त्यामुळे नेहमीच्या अर्थाने लस हा शब्दच तेथे लागू पडत नाही. सुगंधी तेलांचा विचार प्रतिजैविके आणि लशी या दोन टोकांमधल्या जागेत होतो.

सुगंधी तेल किंवा बाष्पनशील तेल म्हणजे वनस्पतीच्या पानांत, फुलांत, सालीत किंवा बियांत साठवलेले, वाफेबरोबर उडून जाणारे पदार्थांचे मिश्रण होय. शेंगदाणा, तीळ, करंज, कडुनिंब यांची घाणीवर निघणारी तेले ही स्थिर तेले आहेत. त्यांचा थेंब कागदावर टाकला तर डाग कायम राहतो, तर शुद्ध सुगंधी तेलाचा थेंब काही वेळाने उडून जातो आणि कागद पुन्हा कोरा होतो. कडुनिंबाच्या तेलाला सुगंधी तेलांच्या रांगेत बसवून विकणारे विक्रेते हा फरक विसरतात किंवा ग्राहकाने तो विसरावा अशी त्यांची इच्छा असते. सुगंधी तेल काढण्याची मुख्य पद्धत जलबाष्प ऊर्ध्वपातन ही आहे: भट्टीवरच्या भांड्यात वनस्पती भरून तिच्यातून वाफ सोडली जाते, वाफेबरोबर उडालेले तेल थंड नळीतून पुढे जाताना पाण्यासह पुन्हा द्रव होते आणि सहसा पाण्यावर तरंगते, तेथून ते वेगळे करतात. लवंगेच्या कळ्यांतून वजनाच्या १५ ते २० टक्के, ओव्यातून २ ते ४ टक्के, तर गवती चहातून एक टक्क्याहूनही कमी तेल मिळते.

एका तेलात कित्येक संयुगे असतात, परंतु जिवाणूंवरची धार बहुधा एक-दोन घटकांत असते. लवंगेत युजेनॉल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, गवती चहात सिट्राल, ओरेगॅनोत कार्व्हॅक्रॉल आणि ओव्यात थायमॉल. यांपैकी थायमॉल मराठी घरांना नवे नाही: कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल एकत्र केले की आपोआप द्रव होऊन अमृतधारा तयार होते, आणि त्यातले ओव्याचे फूल म्हणजे थायमॉलचे शुभ्र स्फटिक. थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल यांत अणूंची संख्या सारखीच असते. फक्त ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा जोडगट, ज्याला हायड्रॉक्सिल गट म्हणतात, तो कार्बनच्या कड्यावर निराळ्या जागी बसलेला असतो.

या संयुगांची मारक शक्ती त्यांच्या दुहेरी स्वभावातून येते. रेणूचा मोठा भाग तेलासारखा, पाण्यापासून पळणारा असल्यामुळे तो जिवाणूच्या भोवतीच्या स्निग्ध पटलात सहज शिरतो. हायड्रॉक्सिल गट मात्र पाण्याशी मैत्री करणारा आणि प्रोटॉन देण्यास तयार असल्यामुळे पटलाची घडण आणि त्याच्या दोन्ही बाजूंमधला विद्युतभाराचा तोल तो बिघडवतो. जिवाणू याच तोलाच्या जोरावर आपली ऊर्जा तयार करतो, त्यामुळे तो ढासळला की पेशीतले पोटॅशियम बाहेर गळू लागते, ऊर्जावाहक एटीपीचा साठा संपतो आणि पेशी मरते. हायड्रॉक्सिल गट झाकून टाकलेले कार्व्हॅक्रॉल जिवाणूंवर फारसे चालत नाही, हे प्रयोगांतून दिसल्यामुळे या स्पष्टीकरणाला आधार मिळाला.

एरोमोनास, व्हिब्रिओ, एडवर्डसिएला हे जिवाणू ग्रॅम-ऋण गटातले आहेत. म्हणजे नेहमीच्या पटलाबाहेर त्यांना लिपोपॉलिसॅकराइड या शर्करायुक्त स्निग्धाचे आणखी एक आवरण असते आणि तेलकट पदार्थांना ते सहसा आत येऊ देत नाही. स्ट्रेप्टोकॉकससारख्या ग्रॅम-धन जिवाणूंना असे आवरण नसल्यामुळे बहुतेक सुगंधी तेलांपुढे ते लवकर हार मानतात. थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल यांचे वैशिष्ट्य असे की ते हे बाह्य आवरणच सैल करतात. फिनलंडमधील संशोधकांनी १९९८मध्ये या दोन संयुगांच्या संपर्कात आलेल्या जिवाणूंच्या आवरणातून लिपोपॉलिसॅकराइड सुटून बाहेर पडत असल्याचे दाखवले. ओव्याच्या आणि ओरेगॅनोच्या तेलात यांच्या जोडीला पॅरा-सायमीन नावाचे एक संयुग असते. ते स्वतः दुबळे आहे, पण पटलात शिरून ते त्याला फुगवते आणि कार्व्हॅक्रॉलला आत जाण्याची वाट मोकळी करते. शुद्ध केलेला एकच घटक आणि मूळ तेल यांत कित्येकदा मूळ तेलच सरस का ठरते, याचे एक उत्तर येथे मिळते.

येथवरचे सगळे काचेच्या बशीतले आहे. सुगंधी तेलांवरचे बहुसंख्य शोधनिबंधही या बशीतच संपतात: अगारच्या थरावर जिवाणू पसरायचे, मध्ये तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची आणि तिच्याभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वलय किती रुंद झाले ते मोजायचे. उडणाऱ्या आणि पाण्यात न मिसळणाऱ्या पदार्थासाठी ही पद्धत तशी कच्चीच आहे. त्यापेक्षा अधिक विश्वासाचे माप म्हणजे किमान रोधक प्रमाण, म्हणजेच द्रवात जिवाणूंची वाढ थांबवण्यास लागणारे कमीत कमी प्रमाण. एरोमोनाससारख्या जिवाणूंसाठी चांगल्या प्रतिजैविकाचे हे प्रमाण मिलिलीटरमागे एखाद-दुसरा मायक्रोग्रॅम असते. उत्तम सुगंधी तेलाचे ते बहुधा काही शे मायक्रोग्रॅम असते, आणि कित्येक तेलांचे हजारांच्या घरात जाते.

या आकड्याचा अर्थ तळ्याच्या काठावर उभे राहून लावला पाहिजे. एक एकराचे, दीड मीटर पाणी असलेले तळे घेतले तर त्यात साधारण ६,००० घनमीटर, म्हणजे ६० लाख लिटर पाणी असते. मिलिलीटरमागे ५०० मायक्रोग्रॅम म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम. हे प्रमाण सबंध तळ्यात आणायचे तर ३,००० किलो तेल ओतावे लागेल. इतके तेल कोणालाही परवडणार नाही हा झाला पैशाचा प्रश्न, पण त्याआधीच मासे संपलेले असतील हा अधिक गंभीर प्रश्न आहे. लवंगेचे तेल लिटरमागे ४० ते ६० मिलिग्रॅम पाण्यात मिसळले की मासा काही मिनिटांत तोल सोडून आडवा होतो आणि त्याला भूल चढते. प्रयोगशाळांत आणि मत्स्यबीज केंद्रांत माशांना हाताळण्यासाठी ते याच कारणासाठी वापरतात. जिवाणू मारण्याची मात्रा भुलीच्या मात्रेच्या दहापट असेल तर पाण्यात तेल ओतून रोग बरा करण्याची कल्पना तेथेच सोडून द्यावी लागते. बाजारात मात्र ‘एकरी १ लिटर’ अशा शिफारशीने तळ्यात टाकायची हर्बल द्रव्ये मिळतात. एकरभर तळ्यात १ लिटर म्हणजे ६० लाख लिटर पाण्यात १ लिटर, आणि या प्रमाणात कोणत्याही सुगंधी तेलाने पाण्यातले जिवाणू मरतात असे मानायला काही आधार नाही. असा माल विकणे ही शेतकऱ्याची फसवणूक आहे, मग त्यामागे अज्ञान असो वा हेतू.

खाद्याच्या वाटेने गेल्यास हिशेब पूर्णपणे पालटतो. त्याच तळ्यात एक टन मासे असतील आणि ते रोज वजनाच्या ३ टक्के खाद्य खात असतील, तर दिवसाला ३० किलो खाद्य लागते. किलोमागे १ ग्रॅम तेल घातले तर दिवसाला केवळ ३० ग्रॅम. खाद्यातले हे प्रमाण ग्रॅममागे १,००० मायक्रोग्रॅम होते, म्हणजे आतड्यात पाचकरसांनी ते विरळ झाले तरी किमान रोधक प्रमाणाच्या आसपास राहू शकते. तेल तळ्याला न देता माशाच्या आतड्याला द्यायचे, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे, आणि याच दिशेने झालेल्या संशोधनातून काही भरवशाचे निष्कर्ष हाती आले आहेत.

थायलंडमधील संशोधकांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तिलापियाला ०.४ टक्के दालचिनीचे तेल मिसळलेले खाद्य पाच दिवस देऊन नंतर स्ट्रेप्टोकॉकस इनी या जिवाणूचा संसर्ग घडवला. तेल खाल्लेल्या गटात मासे मेले नाहीत. चीनमध्ये कॅटफिशवर झालेल्या आणि २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शुद्ध थायमॉल, शुद्ध कार्व्हॅक्रॉल, दोहोंचे मिश्रण आणि ओरेगॅनोचे नैसर्गिक तेल यांची तुलना केली गेली, आणि वाढ तसेच एरोमोनासच्या संसर्गानंतरचा तगाव या दोन्ही बाबतींत नैसर्गिक तेल पुढे राहिले. या दोन्ही प्रयोगांत तेल संसर्गाच्या आधी दिलेले होते. आजार पसरल्यावर, माशांनी खाणे टाकल्यावर दिलेल्या तेलाने कळप वाचला असे या प्रयोगांतून सिद्ध होत नाही, आणि तसे ते होण्याची अपेक्षाही ठेवू नये.

आतड्यात गेलेल्या तेलाचे पुढे काय होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. शोषलेले थायमॉल किंवा युजेनॉल यकृतात पोहोचताच त्याला सल्फेट किंवा ग्लुकुरोनिक आम्लाची जोड मिळते आणि ते निरुपद्रवी होऊन बाहेर टाकले जाते. मांसात औषधाचा अंश फार काळ राहत नाही हा त्याचा फायदा, तर रक्तातल्या जिवाणूंना मारण्याइतके तेल रक्तात कधीच साठत नाही ही त्याची मर्यादा. तरीही मासे वाचतात, याचा अर्थ तेलाचे काम केवळ मारण्याचे नसावे. आतड्यातल्या घातक जिवाणूंची संख्या कमी होणे, आतड्याचे अस्तर अधिक सुदृढ राहणे, रक्तद्रवातील लायसोझाइम या जिवाणूभेदक विकराची आणि भक्षक पेशींची सक्रियता वाढणे असे परिणाम अनेक अभ्यासांत दिसले आहेत.

याहून लक्षवेधी वाट जिवाणूंच्या आपसांतल्या संदेशांशी संबंधित आहे. व्हिब्रिओ हार्वेयी हा समुद्री जिवाणू कोळंबीच्या बीज केंद्रांतला जुना वैरी. त्याने ग्रासलेली पिल्ले टाकीत रात्री निळसर-हिरवी चमकताना दिसतात आणि सकाळपर्यंत तळाला जातात. हे जिवाणू विरळ असताना चमकत नाहीत. प्रत्येक पेशी काही संदेशरेणू पाण्यात सोडत असते. संख्या वाढली की रेणूंचे प्रमाण वाढते, आणि ते एका मर्यादेपलीकडे गेल्यावर लक्सआर या नियामक प्रथिनामार्फत चमकण्याची जनुके जागी होतात. रोग घडवण्याची काही जनुकेही याच व्यवस्थेच्या ताब्यात असतात. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८मध्ये असे दाखवले की सिनॅमाल्डिहाइड, जिवाणूंची वाढही थांबणार नाही इतक्या कमी प्रमाणात, लक्सआरची डीएनएला चिकटण्याची क्षमता घटवते. जिवाणू मरत नाहीत, पण त्यांचा जहालपणा उतरतो. मारण्याचा दबाव नसल्यामुळे प्रतिरोध निर्माण होण्याचा वेगही कमी असेल अशी त्यामागची अपेक्षा आहे, आणि सुगंधी तेलांचे खरे भवितव्य जिवाणूंच्या संहारापेक्षा या वाटेवर अधिक उजळ दिसते.

व्यवहारात उतरताना मात्र तेलाचा चंचल स्वभाव आडवा येतो. वनस्पतीची जात एकच असली तरी माती, ऋतू, कापणीची वेळ आणि वाण यांनुसार तेलाचे घटक बदलतात. ब्राझीलमध्ये माशांच्या वाहतुकीत ताण कमी करण्यासाठी लिप्पिया अल्बा या झुडपाच्या तेलावर पुष्कळ काम झाले आहे. त्याच झुडपाच्या एका रासायनिक वाणात लिनॅलूल मुख्य असते, दुसऱ्यात सिट्राल, आणि दोहोंचा माशांवरचा परिणाम सारखा नसतो. त्यामुळे ‘अमुक वनस्पतीचे तेल’ एवढ्या नावावर मात्रा ठरवता येत नाही, मुख्य घटकाची टक्केवारी माहीत असावी लागते. खाद्यनिर्मितीची उष्णता ही दुसरी अडचण. तरंगते खाद्य तयार करताना मिश्रण दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापते आणि नळीतून बाहेर पडताना त्यातली वाफ झपाट्याने निघून जाते, तिच्याबरोबर तेलही जाते. म्हणून तेल खाद्य तयार झाल्यावर, गार गोळ्यांवर स्थिर तेलाबरोबर चढवावे लागते, नाहीतर त्याला सूक्ष्म कोशांत बंद करावे लागते. कोशासाठी कोळंबीच्याच टरफलांपासून मिळणारे कायटोसान वापरण्याचे प्रयत्न झाले आहेत. असा कोश तेलाला पाण्यात विरघळून आणि हवेत उडून जाण्यापासून वाचवतो आणि आतड्यात सावकाश मोकळे करतो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज येथे सर्वांत घातक आहे. जास्त मात्रेने मासे खाद्य टाळतात, कल्ल्यांच्या नाजूक पेशींना इजा होते, मांसाला तेलाचा वास लागू शकतो. बायोफ्लॉक पद्धतीत, जिने गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या अनेक तरुणांना ओढून घेतले, टाकीतले पाणी उपयुक्त जिवाणूंच्याच जोरावर स्वच्छ राहते. अमोनियाचे रूपांतर करणारे हे जिवाणू आणि रोगकारक जिवाणू यांच्यात तेल भेद करत नाही, त्यामुळे टाकीत ओतलेले जिवाणूनाशक तेल आधी पाण्याचीच व्यवस्था मोडू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्याच्या माशांना भूल देण्यासाठी लवंगेच्या तेलाला मान्यता दिलेली नाही, हेही ध्यानात ठेवावे. प्रतिरोध येतच नाही हा दावाही खरा नव्हे. तेलात अनेक घटक असल्यामुळे तो अवघड होतो, पण स्यूडोमोनाससारखे जिवाणू आत आलेले संयुग पंपाप्रमाणे बाहेर फेकून तेलांना दाद देत नाहीत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाला दोन्ही टोकांनी अर्थ आहे. राज्यातल्या जलाशयांत पंगस आणि तिलापियाचे पिंजरे आहेत, पालघर, रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंतच्या खाड्यांकाठी कोळंबीची तळी आहेत, आणि मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेसारखी देशातली अग्रगण्य संशोधनसंस्था आहे. दुसऱ्या टोकाला सुगंधी गवतांची जुनी परंपरा आहे: खानदेशाच्या डोंगराळ भागात आणि मेळघाटात रोशा गवतापासून तेल काढण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, आणि त्या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल हाही जिवाणूरोधक आहे. आदिवासी भागातल्या भट्टीवर निघालेले तेल आणि जलाशयातला पिंजरा यांची गाठ घालून देणारे, मात्रा आणि घटक पक्के ठरवलेले खाद्यमिश्रण तयार करणे हे कृषी आणि मत्स्य विद्यापीठांनी हाती घेण्याजोगे काम आहे. त्यासाठी बशीतल्या वलयांचे आणखी शंभर निबंध नकोत. खऱ्या तळ्यात, खऱ्या हंगामात, तेल न दिलेल्या तळ्याशी तुलना करून झालेले थोडेच पण पूर्ण प्रयोग हवेत.

तोवर मत्स्यशेतकऱ्याने सुगंधी तेलाचे उत्पादन विकत घेताना मुख्य घटकाचे नाव व टक्केवारी, माशाची जात आणि किलो खाद्यामागची मात्रा या तीन गोष्टी लेखी मागाव्यात आणि त्या न मिळाल्यास ते घेऊ नये; घेतले तर आधी एका तळ्यात वा एका पिंजऱ्यात वापरून पाहावे, आणि ते रोग येण्याआधी, म्हणजे बोटुकली सोडताना, जाळे ओढण्यापूर्वी किंवा हवामान पालटण्याच्या सुमारास खाद्यातून द्यावे. मासे मरू लागल्यावर कोणतीही बाटली उघडण्यात वेळ घालवू नये. अजून जिवंत असलेले दोन-चार आजारी मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीतून आणि तळ्याचे पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीतून रत्नागिरी, नागपूर किंवा उदगीर येथील मत्स्य महाविद्यालयाकडे लवकरात लवकर न्यावे, कारण मरून बराच वेळ झालेल्या माशात कुजवणारे जिवाणू भराभर वाढतात आणि खरा रोगकारक ओळखणे अवघड होऊन बसते.